नूकराजूचं रिकामं पान

खरं सांगा, कॉम्प्युटरच्या पडद्यावर "कोणी नाही" असं उमटलं तर तुम्ही काय करता? मान हलवता आणि घरी जाता, हो ना? आमची अख्खी कोळ्यांची वस्ती, जालारिपेटा, तशीच घरी गेली होती. घरी जाऊन बायकांनी चुली पेटवल्या नाहीत, आणि पंचांनी बांगड्या फोडायचा दिवस ठरवला. म्हणून विचारतेय. उगाच तोंडाची वाफ दवडायची सवय मला नाही.

ते पान ज्याने बनवलं त्याचं नाव सुरडा नूकराजू. सुरडा हे घरनाव. विशाखापट्टणमच्या या किनाऱ्यावर घरनाव आधी येतं, माणूस मागून. तसंच यायला हवं, कारण नूकालम्मा देवीच्या कृपेने इथे दर दोन घरांआड एक नूकराजू आहे. लिलावाच्या गर्दीत नुसतं "नूकराजू" म्हणून हाक मारा, दहा माना वळतील आणि एखादी चप्पलही येईल. "सुरडा नूकराजू" म्हणा, एकच वळेल. तो आमचा.

कोळ्याच्या पोटी जन्मून याला समुद्र लागायचा. बापाने पहिल्यांदा होडीत घातलं तेव्हा हा असा ओकला की बापाला जाळं न टाकताच परत फिरावं लागलं. "पोराने माशांना पंगत वाढली," म्हणून किनारा कितीतरी दिवस हसत होता. बापाने आणखी दोन-चारदा नेऊन पाहिलं, मग नाद सोडला. धाकटा यर्रय्या अजून मिसरूडही न फुटलेला, त्याला म्हणाला, "चल रे, थोरल्याची जागा तू घे." यर्रय्या एका उडीत होडीत बसला. थोरला वाळूवर उभा राहिला. दोघा भावांचं आयुष्य त्या सकाळी ठरलं.

यर्रय्याने कधी टोमणा मारला नाही असं मी म्हणणार नाही. होडी लागली की सगळ्यात चांगला मासा थोरल्याच्या अंगावर फेकायचा आणि ओरडायचा, "घे रे ओकाऱ्या! वहिनीला पुलुसू करायला सांग, चिंच जास्त घाल म्हणावं!" पण फेकायचा सगळ्यात चांगलाच.

नूकराजू बंदराजवळच्या इंटरनेट सेंटरमध्ये फरशी पुसायला लागला. फरशी पुसता पुसता पडदे वाचायला लागला. "मला कोणी शिकवलं नाही अक्का," तो छाती काढून सांगायचा, "मी चोरलं." मला त्याचं हे आवडायचं. मीही जे काही शिकले ते चोरूनच, पोलीस चौकीच्या बाकावर आणि तहसीलदाराच्या व्हरांड्यात.

आमच्या मच्छीमार संघाच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता. त्यावर त्याने मासळीच्या भावांचं पान सुरू केलं. प्रत्येक बंदरातून लिलावाच्या भावाची एक फाइल यायची, एक्सएमएल म्हणतात तसली. तिच्यात प्रत्येक शब्दाच्या आगेमागे खूण असते: हे नाव, हा भाव, हे बंदर. नूकराजू त्या ढिगाकडे क्वेरी पाठवायचा, म्हणजे मागणी, की मला एवढं एवढं काढून दे. जे निघेल ते पानात मांडायचा. मासळी विकणाऱ्या बायकांना ते पान तोंडपाठ असायचं. गरिकिना अप्पलम्मा तर चुट्टा ओढत दारात यायची. जळतं टोक तोंडाच्या आत धरून, आमच्या बायका ओढतात तसा. आणि तसंच बोलायचीही.

"ओरेय, तुझं पान म्हणतं काकिनाड्यात सुरमई महाग. मग मी काय इथून पोहत जाऊ?"

"चुट्टा विझवून जा आत्या, नाहीतर समुद्र तापेल."

"तुझ्या जिभेला समुद्र नाही लागत रे, फक्त पोटाला लागतो!"

असं चाललं होतं. मग वादळ आलं.

वादळाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना नको आहे, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांची करमणूक करायला मी बसलेली नाही. आमच्या बऱ्याच होड्या परतल्या नाहीत. यर्रय्याचीही. वारा उत्तरेकडे वाहत होता. पोरं वाहत ओडिशाच्या किनाऱ्याला लागली असतील, गोपाळपूर, पारादीप, कुठेही, अशी एक आशा होती. तिथे छावण्या उघडल्या होत्या. छावणीतली मुलं सापडलेल्या माणसांची नावं कॉम्प्युटरवर चढवत होती आणि फाइली पाठवत होती.

नूकराजू म्हणाला, "मी पान करतो."

हैदराबादच्या एका संस्थेने सांगितलं, आम्ही ते पान जगाला दिसेल असं ठेवू, फक्त आमच्या तपासणीतून पास व्हायला हवं. तपासणी मशीन करायची. तिचा नियम असा की वेबपानातल्या खुणांनी आपण कोणत्या घरच्या हे सांगितलं पाहिजे. शहाणे लोक त्याला नेमस्पेस म्हणतात. नूकराजूने पहिल्याच दिवशी त्याला घरनाव म्हटलं, आणि मलाही ते तेवढंच कळलं. नियम खोटा नव्हता. मला शिव्या द्यायला कोणीतरी हवं होतं, पण संस्थेतली मुलगी फोनवर रडत रडत मदत करत होती. तिला काय बोलणार?

नूकराजूने क्वेरीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. या ओळीखाली जो कोणी घरनाव न सांगता येईल, तो वेबपानाच्या घरचा. एका ओळीत काम झालं. प्रत्येक खुणेला वेगळं नाव टांगत बसायला नको. घाईत कोणीही तेच केलं असतं.

त्याने करून पाहिलं नाही असंही नाही. क्वेरीच्या आतच खोटी नावं लिहिली: 'सुरडा नूकराजू, सापडला गोपाळपूरला.' 'गरिकिना अप्पलम्मा, सापडली चुट्ट्यासकट.' पान उघडलं, दोन्ही नावं दिसली. त्या सुतकी दिवसांत आम्ही एकदाच हसलो, ते तेव्हा. मग खोटी नावं काढली, छावण्यांच्या फाइली जोडल्या, तपासणीला पाठवलं. हिरवी खूण आली. पान बिनचूक आहे.

पान उघडलं. वर मथळा नीट, खाली रेघा नीट, आणि मध्ये, काही निघालं नाही तर दिसावं म्हणून त्यानेच लिहून ठेवलेलं वाक्य: कोणी नाही.

रोज नव्या फाइली येत होत्या. रोज तेच वाक्य.

यर्रय्याची बायको मुत्यालम्मा रोज सकाळी खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही. थोरल्या दिरासमोर पदर सावरून विचारायची, "बावा, पान काय म्हणतं?"

"कोणी नाही म्हणतं."

ती जायची. तिच्यामागून दुसरी यायची.

मी भांडले त्याच्याशी. "अरे, एवढ्या छावण्या, एवढी माणसं, आणि आपला एकही नाही? तुझी मशीन तपास!"

"तपासली अक्का. हिरवी खूण आहे. चूक असती तर बोंबलली असती."

"फोन लाव तिकडे."

"तिकडच्या तारा पडल्यात. फाइली तेवढ्या उपग्रहावरून येतात, फोन लागत नाही."

आता यात कुणाची चूक काढायची? वस्तीत पंच म्हणून ज्याचा शब्द चालतो तो मैलपिल्ली दानय्या, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याने सगळ्यांना वाळूवर बसवलं आणि म्हणाला, "पान सरकारचं असतं तर मी थुंकलो असतो त्यावर. पण पान आपल्या पोराचं आहे. आपलं पोर आपल्याला फसवेल का?" बांगड्या फोडायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी बायका पाण्याजवळ रांगेने बसल्या होत्या, न्हाऊन, हळद माखून, शेवटचं कुंकू कपाळभर लावून. मध्ये एक दगड. नूकराजू लांब उभा होता, ज्या वाळूवर लहानपणी उभा राहिला होता तिथेच. मुत्यालम्मा पहिली बसली होती. तिने हात दगडावर ठेवला. बांगड्या हिरव्या होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या सोनेरी ठिपक्यांच्या. मी तिच्या शेजारीच होते. असल्या रीतींविरुद्ध मी आयुष्यभर घसा फोडलाय, आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही.

तेवढ्यात अप्पलम्मा धावत आली. तिचा पोरगाही बेपत्ता होता, आणि ती न्हायला आलीच नव्हती म्हणून बायका कुजबुजत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंडात चुट्टा नाही. सरळ नूकराजूकडे गेली आणि त्याची गचांडी धरली.

"माझा पोरगा बोलला! किराणावाल्याच्या फोनवर! गोपाळपुरात आहे, भात खातोय, पाय मोडलाय! म्हणतो, आई, छावणीतल्या पोरीने माझं नाव माझ्यासमोर कॉम्प्युटरवर चढवलं, पहिल्याच दिवशी. मग तुझ्या पानावर का नाही रे? मेल्या, जिता पोरगा माझा, त्याचं सुतक धरायला लावलंस?"

दानय्या उठला. "थांबा," म्हणाला. मुत्यालम्माचा हात दगडावरच होता. कोणीतरी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

संघाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. नूकराजूने पान बाजूला सारलं आणि छावणीतून आलेली फाइल जशी होती तशी उघडली. खुणांच्या जंगलात नावं होती. गरिकिना, वासुपल्ली, मैलपिल्ली.

"आहेत," तो म्हणाला. "सगळे इथेच आहेत. मग मला 'नाही' का म्हणाली ही मशीन?"

तो क्वेरीच्या पहिल्या ओळीपर्यंत वर गेला. मग त्याने कपाळ टेबलावर आपटलं, एकदा, जोरात.

"मामा," तो दानय्याला म्हणाला, डोकं वर न करता. "तुमच्या घरात सून आली तेव्हा तिचं घरनाव काय झालं?"

"मैलपिल्ली. आणखी काय होणार?"

"मी क्वेरीच्या दारावर पाटी लावली. घरनाव न सांगता जो येईल तो या घरचा, वेबपानाच्या घरचा. ती पाटी पानाच्या खुणांसाठी होती. पण खाली मी 'माणूस' मागितला, तोही घरनाव न सांगताच मागितला. हिला वाटलं, पानाच्या घरचा माणूस हवाय. गोपाळपूरच्या फाइलीतल्या माणसाला घरनावच नाही. पारादीपच्या माणसाला त्यांचं स्वतःचं. पानाच्या घरचा कोण असणार तिथे? ही म्हणाली, कोणी नाही."

"मग चूक झाली म्हणून ओरडली का नाही?"

"चूक कुठे झाली मामा? जे नव्हतं ते मागितलं. नाही म्हणाली. खरंच बोलली."

मी विचारलं, "आणि ती खोटी नावं? ती कशी दिसली?"

"ती मी याच पाटीखाली लिहिली होती अक्का. याच घरात जन्मली. त्यांना घरनाव आपोआप लागलं." तो हसला. तसं हसू परत बघायला नको मला. "मी माझ्याच घरात मला शोधलं आणि सापडलो."

त्याने पाटी काढली. पानाच्या प्रत्येक खुणेला वेगळं घरनाव टांगलं. पारादीपच्या माणसाला पारादीपचं घरनाव लावून मागितलं, गोपाळपूरच्याला काहीच न लावता मागितलं. कळ दाबली आणि पान भरलं.

त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आमच्याकडे घरनाव आधी येतं हे मी सांगितलंय. नूकराजू "गरिकिना" म्हणायचा, आणि सगळे गरिकिना श्वास धरायचे. मग माणसाचं नाव यायचं. एक घर ओरडत उठायचं, बाकीची घरं तशीच बसून राहायची. "वासुपल्ली..." पुन्हा श्वास. हसणं, रडणं, कोणीतरी कोणाच्या तरी पाठीत गुद्दे घालतंय, कोणी गजाला डोकं टेकून उभं.

मग तो म्हणाला, "सुरडा..."

मुत्यालम्मा उभी राहिली. आजवर जी दाराच्या आत आली नव्हती ती उंबरा ओलांडून आत आली. नूकराजूने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पुढचं वाचलं.

"...अप्पन्ना."

अप्पन्ना, मागच्या गल्लीतला. त्याच्या आईने किंकाळी फोडली आणि मुत्यालम्माच्याच गळ्यात पडली. मुत्यालम्मा तिला थोपटत राहिली. तेवढ्या एका श्वासापुरती ती बिचारी पुन्हा नवऱ्याची झाली होती.

पुढे सुरडा आला नाही. नूकराजूने पान वर नेलं, खाली नेलं. पुन्हा वर.

यर्रय्याच्या होडीवरचे दोघे पुढे परत आले. ते म्हणाले, होडी उलटली तेव्हा यर्रय्याने डिझेलचा रिकामा कॅन धरला होता. उजाडताना लांबवर एक परकी बोट दिसली होती. त्या बोटीने त्याला घेतलं की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही. कुठली बोट, कुठल्या देशाची, ठाऊक नाही. आता या एका वाक्यावर माणसाने जगायचं की मरायचं?

बाकी न सापडलेल्यांची सुतकं झाली. यर्रय्याचा दिवस ठरवायला दानय्या आला तेव्हा नूकराजू दारात आडवा उभा राहिला.

"पान चुकू शकतं मामा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? तेव्हाही कोणी नाही म्हणालं होतं."

दानय्या परत गेला. मीसुद्धा नूकराजूच्याच बाजूने तावातावाने बोलले. वर्षं गेली. म्हातारा वारला. त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

नूकराजूचं एकच काम उरलं. चितगावच्या फाइली मिळव, बर्माच्या किनाऱ्यावरच्या मिळव, तुरुंगांच्या मिळव, इस्पितळांच्या मिळव. प्रत्येकाचं घरनाव वेगळं, प्रत्येकाची क्वेरी वेगळी. "कोणत्याही घरचा चालेल, पण माणूस दे," अशीही मागणी लिहिता येते म्हणे. तीही लिहिली. काही येत नाही. पानावरचं ते वाक्य त्याने केव्हाच बदललं. आता तिथे लिहिलेलं असतं: अजून सापडलं नाही. भावांचं पान बंद पडलं. बायका आता भाव मोबाइलवर विचारतात. अप्पलम्मा अजून त्याच्या दारात बसून चुट्टा ओढते, पण टोमणा मारत नाही. तिच्या तोंडून टोमणा नाही, यापेक्षा वाईट मला तरी काही सांगता येणार नाही.

"अक्का," तो म्हणतो, "एखादं घर मी विसरलोय. एकच. ते आठवलं की झालं."

त्याची दाढी पांढरी झाली. बायकोने बोलणं टाकलं. आणि मुत्यालम्मा? तिचं कोण बोलतं? लग्नघरी तिला हळदीकुंकू लावायचं की नाही हे कोणाला ठरवता येत नाही, म्हणून तिला कोणी बोलावतच नाही. सवाष्णींच्या रांगेत ती नाही आणि विधवांच्याही नाही. परवा ती पुन्हा दारात उभी होती. मासळीची टोपली खाली ठेवून तिने दोन्ही हात पुढे केले. हिरव्या बांगड्यांवरचे ठिपके कधीच गेलेत. एका हातात दोनच उरल्यात.

"बावा, या वाढवल्या तर नव्या भरू की नको? एवढं तुमच्या पानाला विचारा."

नूकराजू पडद्याकडेच बघत होता. "थोडं थांब. बर्माची नवी फाइल आलीय."

"तुम्हाला समुद्र लागतो म्हणून तो गेला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता तुम्ही मला किनाऱ्याला लागू देत नाही."

तो वळला नाही. मी पाहिलं, त्याची बोटं थांबली होती. मग पुन्हा चालू झाली.

मला त्याची क्वेरी वाचता येत नाही. मी कायदा चोरून शिकले, मोर्चे काढले, साहेबांच्या टेबलावर मुठी आपटल्या, पण या खुणांपुढे मी आंधळी आहे. त्याला "बस कर" म्हणायला गेले की तो म्हणतो, "चूक नाही कशावरून?" आणि मी परत फिरते. वस्तीत कोणालाही ते वाचता येत नाही.

तुमच्यातल्या कोणाला येत असेल. रोज ऑफिसात बसून हेच करत असाल. तर एकदा या. विशाखापट्टणमला उतरा, जालारिपेटेत कोणालाही विचारा, पण घरनाव लावून विचारा: सुरडा नूकराजू. त्याच्या शेजारी बसा आणि त्याने लिहिलेलं सगळं, वरच्या पहिल्या ओळीपासून, वाचा. एखादं घर खरंच राहिलं असेल तर त्याला दाखवा. आणि राहिलं नसेल, तर तेही त्यालाच सांगा, मोठ्याने, मुत्यालम्मा दारात उभी असताना. आमचं तो ऐकत नाही. तुम्ही सांगा.